प्रोजेक्ट फाइलचा फॉरमॅट बदलला की डिपेंडन्सीचं नक्की काय बदलतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: डॉटनेट फ्रेमवर्कचं जुनं सोल्यूशन, चाळीसेक प्रोजेक्ट, त्यात एक जुनं एएसपी डॉटनेट वेब ॲप, सगळं पॅकेजेस डॉट कॉन्फिगवर, म्हणजे पॅकेजेसची यादी ठेवणाऱ्या वेगळ्या फाइलवर, चाललंय. टीममध्ये दोन मतं पडलीयत. एकजण म्हणतो पॅकेजरेफरन्सवर, म्हणजे पॅकेजेस थेट प्रोजेक्ट फाइलमध्येच लिहायच्या पद्धतीवर, जाऊया, दुसरा म्हणतो शेवटी पॅकेजेस तीच, व्हर्जन्स तीच, नुसतं लिहायची पद्धत बदलून काय मिळणार, चालत्या गाडीला हात कशाला लावायचा. आणि बाकी भाषांमध्ये पण हा असाच घोळ असतो का, हे पण विचारलंय.

दुसऱ्या माणसाचं म्हणणं मला पटकन उडवून लावता येत नाही, कारण बरीच वर्षं माझंही तेच मत होतं. फाइल एक्सएमएल असो की जेसन असो, कॉम्प्युटरला काय फरक पडतो. पण फरक पडतो, आणि तो सिंटॅक्सचा नसतो. त्या फाइलमध्ये जे लिहायला जागा आहे तेवढंच टूलला कळतं, आणि ज्याला जागाच नाही ते टीममधल्या कुणाच्या तरी डोक्यात राहतं, आणि तो माणूस एक दिवस दुसरीकडे जातो.

डिपेंडन्सी, म्हणजे आपला कोड ज्यांच्यावर अवलंबून असतो ती बाहेरची पॅकेजेस, त्यांच्या बाबतीत मुळात दोन वेगळ्या गोष्टी लिहून ठेवायच्या असतात. एक म्हणजे मागणी, की मला हे पॅकेज हवंय आणि साधारण ह्या व्हर्जनचं हवंय. दुसरी म्हणजे पावती, की त्या मागणीवरून प्रत्यक्षात काय काय आलं, त्याच्या मागून ओढलं जाऊन आणखी काय आलं, नेमक्या कुठल्या व्हर्जनचं आलं. मागणी माणसाने लिहायची, पावती टूलने. कुठलाही फॉरमॅट हातात आला की मी पहिल्यांदा एवढंच बघते की ह्यात ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात का एकत्र कालवल्यात. बहुतेक त्रास त्या कालवण्यातूनच येतो.

आता पॅकेजेस डॉट कॉन्फिग जवळून बघा. समजा न्यूटनसॉफ्ट डॉट जेसन हे पॅकेज १२.०.३ वरून १३.०.१ वर न्यायचंय. पॅकेजेस डॉट कॉन्फिगमध्ये एक ओळ बदलते, ती सगळ्यांना दिसते. पण सीएसप्रोजमध्ये, म्हणजे प्रोजेक्ट फाइलमध्ये, रेफरन्सच्या ओळीत १२.०.०.० चं १३.०.०.० होतं, त्याच्याच खाली हिंटपाथ, म्हणजे डीएलएल (कम्पाइल झालेली लायब्ररी) कुठे आहे ते सांगणारा पाथ, असतो आणि त्यात फोल्डरच्या नावातच व्हर्जन असतं, तो बदलतो, मग ॲप डॉट कॉन्फिगमध्ये बाइंडिंग रिडायरेक्ट (चालताना जुन्या व्हर्जनऐवजी कुठलं घ्यायचं ते) बदलतो, आणि एखाद्या पॅकेजबरोबर प्रॉप्स किंवा टार्गेट्स फाइल येत असेल तर सीएसप्रोजच्या वरखाली इम्पोर्टच्या ओळी असतात त्यांच्यात पण व्हर्जनसकट पाथ असतो. म्हणजे एकच माहिती चार-पाच जागी लिहिलेली, आणि ती प्रत्येक प्रोजेक्टमध्ये वेगळी. चाळीस प्रोजेक्टमध्ये ह्या सगळ्या जागा कायम एकमेकींशी जुळलेल्या राहतील अशी अपेक्षाच चुकीची आहे.

ह्यातून काय होतं ते मी एका कामावर अनुभवलंय. दोन ब्रँचेस होत्या, एकीत हेच पॅकेज वर नेलं होतं, दुसरीत त्याच्या शेजारच्या ओळी बदलल्या होत्या. मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट आला, करणाऱ्याने सीएसप्रोज आणि ॲप डॉट कॉन्फिगला आपली बाजू ठेवली, पॅकेजेस डॉट कॉन्फिगला कॉन्फ्लिक्ट आलाच नाही म्हणून त्यात नवीन व्हर्जन तसंच आलं. झालं, एका फाइलमध्ये १३ आणि दुसरीत १२. पण बिल्ड व्यवस्थित पास! डेव्हलपर लोकांच्या मशीनवर पॅकेजेस फोल्डरमध्ये जुनं १२.०.३ पडलेलंच होतं, त्यामुळे हिंटपाथ बरोबर सापडला. बिल्ड सर्व्हरवर हिंटपाथ सापडला नाही, पण हिंटपाथ हा नावाप्रमाणे फक्त हिंट आहे, तिथे नाही मिळालं तर एमएसबिल्ड हे बिल्डचं टूल आणखी बऱ्याच जागी शोधतं आणि त्या यादीत सगळ्यात शेवटी आउटपुट फोल्डर पण आहे, म्हणजे मागच्या बिल्डची डीएलएल बिनमध्ये पडली असेल तर तीच उचलते. सर्व्हरवर बिन फोल्डर साफ करत नव्हते. मग एके दिवशी बिल्ड सर्व्हर बदलला, कोरी डिस्क, आणि बिल्ड पडला, आणि त्या दिवशी कोणी कोडला हात पण लावलेला नव्हता. आम्ही दोन दिवस नवीन सर्व्हरच्या सेटिंगमध्ये शोधत बसलो होतो. चूक महिनाभर आधीची होती, आणि फॉरमॅटने ती दिसू दिली नव्हती.

दुसरी गोष्ट, पॅकेजेस डॉट कॉन्फिग ही सपाट यादी आहे. तुम्ही स्वतः मागितलेलं पॅकेज आणि त्याच्या मागून ओढलं गेलेलं पॅकेज, दोन्ही त्यात शेजारी शेजारी, सारख्याच ओळीत. सत्तर ओळी असतील तर त्यातल्या आपल्या किती हे तीन वर्षांनी कोणीच सांगू शकत नाही. मग काढायला कोणी धजत नाही, कारण काय तुटेल माहीत नाही. यादी फक्त वाढत जाते. मागणी आणि पावती कालवली की असं होतं.

पॅकेजरेफरन्समध्ये सीएसप्रोजमध्ये फक्त मागणी राहते. नाव आणि व्हर्जन, एक ओळ. हिंटपाथ नाही, ओढून आलेली पॅकेजेस नाहीत. बाकीचं सगळं रीस्टोअरच्या, म्हणजे पॅकेजेस उतरवून घ्यायच्या, वेळी काढलं जातं आणि ऑब्ज फोल्डरमध्ये प्रोजेक्ट डॉट ॲसेट्स डॉट जेसन नावाच्या फाइलमध्ये जातं, ती आपण कमिट करत नाही. पॅकेजेस पण सोल्यूशनच्या शेजारी न पडता युजरच्या एका कॉमन फोल्डरमध्ये पडतात. मी एखादं पॅकेज काढलं की त्याच्यामुळे आलेली सगळी आपोआप जातात. इथे फाइल नुसती छोटी झाली असं नाही, ग्राफ सांभाळायचं काम माणसाकडून टूलकडे गेलं.

मात्र काम टूलकडे गेलं की टूलचे नियम माहीत पाहिजेत, आणि इथे लोक फसतात. नुगेटचा, म्हणजे डॉटनेटच्या पॅकेज मॅनेजरचा, नियम असा की प्रोजेक्टच्या सगळ्यात जवळचं जिंकतं. तुम्ही स्वतः मागितलेलं व्हर्जन हे ओढून येणाऱ्यापेक्षा वरचढ, मग ते कमी का असेना. तुम्ही ९ लिहिलं आणि तुमच्या दुसऱ्या पॅकेजला किमान १२ हवंय, तर तो डाउनग्रेड धरला जातो आणि एनयू १६०५ हा इशारा येतो, नवीन, आटोपशीर एसडीके स्टाइल प्रोजेक्ट फाइलमध्ये तो डीफॉल्टनेच एरर असतो आणि ते बरंच आहे, बंद करू नका. आणि दोन वेगळ्या पॅकेजेसनी एकच तिसरं पॅकेज सारख्याच अंतरावरून मागितलं तर दोघांना चालेल असं सगळ्यात कमी व्हर्जन घेतलं जातं. सगळ्यात नवीन नाही, सगळ्यात कमी. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता बाकी भाषांचं. तिथे मजकूर सारखा दिसतो आणि अर्थ वेगळा असतो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नुसतं १.२.३ एवढंच लिहिलंय असं धरा. जावास्क्रिप्टवाल्यांच्या एनपीएमच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये त्याचा अर्थ बरोब्बर १.२.३. नुगेटच्या पॅकेजरेफरन्समध्ये तेच लिहिलं तर १.२.३ किंवा त्याच्या वरचं काहीही, नेमकं तेच हवं असेल तर चौकोनी कंसात घालावं लागतं. रस्टच्या कार्गोमध्ये त्याचा अर्थ १.२.३ पासून २.०.० च्या आतलं काहीही. जावाच्या मेव्हनमध्ये ती फक्त शिफारस आहे, ग्राफमध्ये जवळून दुसरं व्हर्जन आलं तर ते घेतलं जाईल. गोमध्ये ते किमान व्हर्जन आहे. पाच इकोसिस्टिम, तेच तीन आकडे, वेगवेगळे अर्थ. एका भाषेतून दुसरीकडे आलेला माणूस आधीच्या सवयीने वाचतो आणि त्याला वाटतं आपण पिन केलंय. रिव्ह्यू करणाऱ्यालाही तसंच वाटतं. मी स्वतः नुगेटमधला नुसता आकडा बरेच दिवस नेमकं व्हर्जन समजत होते, आणि सहसा सगळ्यात कमी व्हर्जनच उचललं जात असल्यामुळे तो गैरसमज कधी उघडा पडला नाही.

ह्या 'सगळ्यात कमी' आणि 'सगळ्यात नवीन' मधूनच लॉक फाइलची, म्हणजे पावतीच्या फाइलची, गोष्ट सुरू होते. एनपीएम कॅरेटवाल्या (^ चिन्हाच्या) रेंजमध्ये बसणारं सगळ्यात नवीन व्हर्जन घेतं. म्हणजे पॅकेज डॉट जेसनला कोणी हात न लावता सोमवारचं इन्स्टॉल आणि गुरुवारचं इन्स्टॉल वेगळं होऊ शकतं. त्यामुळे तिथे पावती वेगळी लिहून ठेवण्यावाचून पर्यायच नव्हता. यार्न हे एनपीएमला पर्यायी टूल २०१६ मध्ये आलं ते यार्न डॉट लॉक घेऊनच, आणि २०१७ मध्ये एनपीएम ५ बरोबर पॅकेज-लॉक डॉट जेसन आली. रूबीवाल्यांकडे जेमफाइल डॉट लॉक त्याच्या कितीतरी आधीपासून होती, हे त्यांचं श्रेय. नुगेट कमीत कमी व्हर्जन घेतं, एकदा पब्लिश झालेलं व्हर्जन सहसा जात नाही, त्यामुळे तिथे लॉकशिवाय पण बऱ्यापैकी तेच येतं, म्हणून डॉटनेटवाल्यांना लॉक फाइलची निकड उशिरा जाणवली. गोने तर ह्याच तत्त्वावर सगळं उभं केलंय, सगळ्यांच्या किमान मागण्यांमधली मोठ्यात मोठी तेवढी घ्यायची, त्याच्यापुढे जायचं नाही, म्हणून गो डॉट मॉडवरूनच निकाल ठरतो. गो डॉट समला लोक लॉक फाइल म्हणतात पण त्यात फक्त चेकसम आहेत, व्हर्जन निवडायला ती वापरली जात नाही.

लॉक फाइल किती कामाची हे २०१८ च्या इव्हेंट-स्ट्रीमच्या प्रकरणात दिसलं. त्या पॅकेजमध्ये नव्या मेंटेनरने फ्लॅटमॅप-स्ट्रीम नावाची एक डिपेंडन्सी घातली आणि त्यातून क्रिप्टोकरन्सी वॉलेटवर डोळा असलेला कोड आला. ज्यांच्या लॉकमध्ये त्याच्या आधीचं व्हर्जन होतं आणि जे लॉकप्रमाणेच इन्स्टॉल करत होते त्यांच्याकडे तो कोड पोचलाच नाही. पण इथे एक मेख आहे. सीआयवर, म्हणजे आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर, एनपीएम इन्स्टॉल चालवलं तर पॅकेज डॉट जेसन आणि लॉक जुळत नसतील तेव्हा ते लॉकच बदलून टाकतं आणि पुढे जातं. एनपीएम सीआय ही कमांड जुळत नसेल तर थांबते. सीआयवर कायम तीच. लॉक कमिट करून सीआयवर साधं इन्स्टॉल चालवणाऱ्या टीम्स मी भरपूर बघितल्यात, म्हणजे पावती जपून ठेवायची आणि वाचायची मात्र नाही.

मेव्हनचं वेगळंच. मागणीची फाइल पोम डॉट एक्सएमएल, जवळचं जिंकतं हा नियम नुगेटसारखाच, पण अंतर सारखं असेल तर फाइलमध्ये जे आधी लिहिलंय त्याच्याकडचं व्हर्जन येतं. म्हणजे कोणी नीटनेटकेपणासाठी डिपेंडन्सीज अक्षरानुक्रमे लावल्या तर जार (जावाच्या लायब्ररीच्या फाइल्स) बदलू शकतात! त्या कमिटच्या मेसेजमध्ये 'फक्त क्रम लावला' असं लिहिलेलं असेल आणि रिव्ह्यूमध्ये कोणी दोन सेकंद पण देणार नाही. ह्याच्यावर उपाय म्हणजे डिपेंडन्सी मॅनेजमेंट सेक्शनमध्ये व्हर्जन ठामपणे लिहायचं. आणि जावावाल्यांच्याच ग्रेडल ह्या दुसऱ्या टूलमध्ये नियम उलटा, डीफॉल्टने सगळ्यात वरचं व्हर्जन जिंकतं. त्यामुळे मेव्हनवरून ग्रेडलवर जाताना यादी अक्षरशः तीच कॉपी केली तरी आत वेगळे जार येऊ शकतात. 'पॅकेजेस तीच, व्हर्जन्स तीच' म्हणणाऱ्या तुमच्या सहकाऱ्याला हे एक उदाहरण नक्की सांगा.

ओढून आलेलं दिसत नाही ह्याची किंमत डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेलच्या, म्हणजे जावाच्या लॉगफोरजे ह्या लॉगिंग लायब्ररीत सापडलेल्या सुरक्षेच्या भोकाच्या, वेळी कळली. पहिला प्रश्न एवढाच होता की आपल्याकडे लॉगफोरजे कुठे कुठे आहे. पोम फाइल्समध्ये शोधलं तर नाव बऱ्याच ठिकाणी नव्हतंच, कारण ते तिसऱ्या-चौथ्या पायरीवरून येत होतं. ज्यांना सगळ्या सर्व्हिसेसचं डिपेंडन्सी ट्री लगेच काढता आलं ते संध्याकाळपर्यंत यादी घेऊन बसले, बाकीचे जार उघडून बघत राहिले. म्हणून मागणीची फाइल छोटी असणं चांगलंच, पण पावती कुठेतरी लिहिलेली आणि शोधता येईल अशी पाहिजे, नाहीतर आपण फक्त पसारा नजरेआड केला.

फॉरमॅटबद्दल बोलताना अजून एक भेद बघावा लागतो, फाइल म्हणजे माहिती आहे की प्रोग्राम आहे. पायथनची सेटअप डॉट पाय हा प्रोग्राम आहे. त्या पॅकेजच्या डिपेंडन्सीज काय हे जाणून घ्यायला ती फाइल चालवावी लागते, आणि त्यात ऑपरेटिंग सिस्टिम बघून वेगळी यादी देणारा इफ पण असू शकतो. चालवल्याशिवाय कळत नाही आणि अनोळखी कोड चालवणं धोक्याचं. हाच पेच सोडवायला पेप ५१८ (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलांचा प्रस्ताव) मधून २०१६ साली पायप्रोजेक्ट डॉट टॉमल आली आणि पुढे पेप ६२१ ने त्यात नाव, व्हर्जन, डिपेंडन्सीज लिहायची ठरलेली जागा दिली. ग्रेडलची बिल्ड फाइल पण कोडच आहे, आणि कोडमध्ये व्हर्जन कुठेही लपवता येतं, व्हेरिएबलमध्ये, फंक्शनमध्ये, दुसऱ्या फाइलमध्ये. व्हर्जन्स आपोआप वर नेणारा डिपेंडाबॉट किंवा रेनोव्हेटसारखा बॉट व्हर्जन बदलणार तरी कुठे? म्हणून ग्रेडलने व्हर्जन कॅटलॉग आणला, साधी टॉमल फाइल, त्यात नावं आणि आकडे. कोडमध्ये लिहायची मोकळीक सुरुवातीला फार छान वाटते, मला पण वाटायची. दोन-तीन वर्षं तो प्रोजेक्ट सांभाळला की मत बदलतं.

अगदी सिंटॅक्सचा पण परिणाम होतो बरं का. जेसनमध्ये कॉमेंट लिहिता येत नाही. आता एखादं व्हर्जन मुद्दाम मागे धरून ठेवलेलं असतं, कारण पुढच्यात काहीतरी मोडलेलं आहे, ते कारण त्या आकड्याच्या शेजारीच लिहिलेलं पाहिजे. पॅकेज डॉट जेसनमध्ये ते लिहायला जागा नाही, मग ते कमिट मेसेजमध्ये जातं आणि तिथे कोणी बघत नाही. वर्षाने नवीन आलेला उत्साही मुलगा सगळं अपग्रेड करतो आणि तोच बग परत येतो. टॉमल आणि एक्सएमएलमध्ये कॉमेंट लिहिता येते, तेवढ्यासाठी मला ते बरे वाटतात. यामलमध्ये कॉमेंट येते पण तिथे वेगळाच खड्डा आहे. पायथन ३.१० आलं तेव्हा कित्येकांच्या सीआय फाइलमध्ये व्हर्जन अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेलं होतं, यामलने तो दशांश आकडा समजला, शेवटचं शून्य गळलं आणि सीआय पायथन ३.१ शोधायला लागलं. ३.९ पर्यंत सगळं सुरळीत, म्हणून कोणाला शंकाच नव्हती. व्हर्जन म्हणजे संख्या नव्हे, मजकूर आहे, यामलमध्ये ते कायम अवतरणात ठेवा.

पायथनच्या रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटीबद्दल एकच सांगते, पिप फ्रीझ करून बनवलेली फाइल ही पॅकेजेस डॉट कॉन्फिगचीच बहीण आहे, मागणी आणि पावती एकत्र. पिप-टूल्स वापरलं तर मागणी रिक्वायरमेंट्स डॉट इनमध्ये राहते, पावती कम्पाइल करून बनते, आणि प्रत्येक ओळीखाली हे पॅकेज कोणामुळे आलं ते कॉमेंटमध्ये येतं. एवढ्याशा कॉमेंटने वाचणाऱ्याचं आयुष्य किती सोपं होतं ते वापरून बघा. पोएट्री, यूव्ही ह्यांची आपापली लॉक फाइल आहे, आणि सगळ्यांसाठी एकच लॉक फॉरमॅट असावा म्हणून पेप ७५१ मधून पायलॉक डॉट टॉमल २०२५ मध्ये मंजूर झालं.

आता तुमच्या सोल्यूशनकडे येते. माझं उत्तर, हो, जा. पण पॅकेजरेफरन्स आणि एसडीके स्टाइल सीएसप्रोज ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकाच वेळी करू नका. जुन्या लांबलचक सीएसप्रोजमध्ये सुद्धा पॅकेजरेफरन्स चालतं. आधी तेवढंच करा, रिलीज होऊ द्या, मग जिथे जमेल तिथे एसडीके स्टाइल.

सुरू करण्याआधी एक काम न चुकता करा. कोऱ्या फोल्डरमध्ये नवीन क्लोन घ्या, बिल्ड करा, आणि आउटपुटमधल्या प्रत्येक डीएलएलचं नाव, फाइल व्हर्जन आणि हॅश एका टेक्स्ट फाइलमध्ये काढून ठेवा. बदल झाल्यावर परत तेच करा आणि दोन्ही फाइल्सचा डिफ बघा. तुमच्या स्वतःच्या डीएलएल सोडून जो जो फरक दिसेल त्याचं कारण सांगता आलं पाहिजे. माझ्या अनुभवात पहिल्याच क्लोनला बिल्ड होत नाही, आणि मग ती वर सांगितलेली हिंटपाथची भुतं बाहेर येतात. ती आधी साफ करा, मायग्रेशनच्या नावावर ती खपवू नका.

व्हिज्युअल स्टुडिओमध्ये पॅकेजेस डॉट कॉन्फिगवर राइट क्लिक केलं की मायग्रेट करायचा पर्याय येतो. तो कुठली पॅकेजेस वरच्या पातळीची आणि कुठली ओढून आलेली हे वेगळं करून दाखवतो. तिथे घाई करू नका, प्रत्येक प्रोजेक्टला दहा मिनिटं द्या, कारण इतकी वर्षं हरवलेली मागणी तुम्ही परत लिहून काढताय. कोडमध्ये ज्याची नेमस्पेस थेट वापरलीय ते वरच्या पातळीवर ठेवा, जरी ते दुसऱ्या कोणामुळे येत असलं तरी, नाहीतर उद्या त्या दुसऱ्याने ते सोडलं की तुमचा बिल्ड पडेल. एएसपी डॉटनेटच्या जुन्या वेब प्रोजेक्टला हा मेनू मिळणार नाही, तिथे हाताने करावं लागतं. आणि जुनी काही पॅकेजेस इन्स्टॉल डॉट पीएसवन नावाची स्क्रिप्ट चालवायची किंवा कंटेंट फोल्डरमधून जावास्क्रिप्ट, सीएसएस फाइल्स प्रोजेक्टमध्ये टाकायची, पॅकेजरेफरन्समध्ये ती स्क्रिप्ट चालत नाही आणि त्या फाइल्स येत नाहीत. वेब ॲपमध्ये जेक्वेरी, बूटस्ट्रॅप असं नुगेटवरून घेतलेलं असेल तर ते आधी वेगळं काढा.

क्रमाबद्दल, बरेच जण खालच्या लायब्ररीपासून सुरू करतात, ते सोपं वाटतं म्हणून. मी वरून करते, म्हणजे आधी जे ॲप चालतं ते. कारण खालची लायब्ररी एसडीके स्टाइल नेटस्टँडर्ड २.० झाली की तिची नुगेट पॅकेजेस तिच्या बिनमध्ये कॉपी होत नाहीत, ती वर पोचतात ते वरच्याने पॅकेजरेफरन्सची भाषा बोलली तरच. वरचं ॲप जुन्याच फॉरमॅटवर असेल तर बिल्ड पास होतो आणि चालवताना फाइल नॉट फाउंड. हा प्रकार शुक्रवारी संध्याकाळी बघायला कोणालाच आवडणार नाही. वरच्या प्रोजेक्टमध्ये एकही पॅकेज नसेल तर त्याला आपण कुठल्या स्टाइलचे हे कळत नाही, तेव्हा रीस्टोअरप्रोजेक्टस्टाइल ही प्रॉपर्टी पॅकेजरेफरन्स अशी स्पष्ट लिहावी लागते.

नंतर एसडीके स्टाइलकडे वळाल तेव्हा एक गोष्ट आठवा, त्यात फोल्डरमधल्या सगळ्या सीएस फाइल्स आपोआप कम्पाइल होतात. जुन्या सीएसप्रोजमध्ये प्रत्येक फाइलची ओळ होती, आणि प्रोजेक्टमधून काढलेल्या पण डिस्कवर राहिलेल्या फाइल्स कोणाच्या लक्षात नसतात. त्या एकदम जिवंत होतात. बहुतेक वेळा कम्पाइल एरर येतो, ते बरं, पण कधीकधी येत नाही आणि जुना क्लास गुपचूप आत येतो. आधी डिस्कवरची यादी आणि सीएसप्रोजमधली यादी जुळवून बघा.

सगळे प्रोजेक्ट पॅकेजरेफरन्सवर आले की डिरेक्टरी डॉट पॅकेजेस डॉट प्रॉप्स करा, नुगेट ६.२ पासून हे सेंट्रल पॅकेज मॅनेजमेंट आहे. व्हर्जन्स एकाच फाइलमध्ये, प्रोजेक्टमध्ये फक्त नाव. चाळीस प्रोजेक्टमध्ये एकाच पॅकेजची सहा व्हर्जन्स आहेत हे पहिल्यांदा त्याच दिवशी समोर येतं, आणि त्यावर टीममध्ये जी चर्चा होते ती झालीच पाहिजे अशी असते. व्हर्जन का धरून ठेवलंय हे तिथेच एक्सएमएल कॉमेंटमध्ये लिहायची सवय लावा.

आणि मग लॉक. नुगेटमध्ये तो आपणहून येत नाही, रीस्टोअरपॅकेजेसविथलॉकफाइल ही प्रॉपर्टी ट्रू करावी लागते, पॅकेजेस डॉट लॉक डॉट जेसन बनते, ती कमिट करायची, सीआयवर रीस्टोअर लॉक्ड मोडमध्ये चालवायचं. त्यात प्रत्येक पॅकेजचा कंटेंट हॅश असतो, त्यामुळे त्याच नावाच्या त्याच व्हर्जनचं दुसरंच काहीतरी कुठून आलं तर रीस्टोअर थांबतं. तुमचा प्रायव्हेट फीड असेल तर पॅकेज सोर्स मॅपिंग पण करा, कुठलं पॅकेज कुठल्या फीडवरूनच यायला पाहिजे हे त्यात लिहिता येतं. पॅकेजेस डॉट कॉन्फिगमध्ये नाव आणि व्हर्जन होतं, पण आत नेमकं काय आलं आणि कुठून आलं ह्याची नोंद नव्हती.

लॉकमध्ये मर्ज कॉन्फ्लिक्ट येणार, तो हाताने सोडवू नका. आधी मागणीच्या फाइलमधला कॉन्फ्लिक्ट नीट वाचून सोडवा, मग लॉकची कुठलीही एक बाजू घेऊन टूलकडून ती परत बनवून घ्या. आणि पुल रिक्वेस्टमध्ये लॉकचा डिफ मोठा असतो म्हणून मिटवून ठेवतात तसं करू नका, निदान एवढं बघा की एक पॅकेज वर नेलं तेव्हा नवीन नावं किती आली. एखादं अनोळखी नाव दिसलं तर डॉटनेट नुगेट व्हाय चालवा, ते कोणामुळे आलं सांगतं. एनपीएममध्ये एनपीएम एक्सप्लेन, रस्टमध्ये कार्गो ट्री, मेव्हनमध्ये डिपेंडन्सी ट्री, सगळीकडे काही ना काही आहे.

पहिला प्रोजेक्ट म्हणून वेब ॲप घेऊ नका, ते सगळ्यात अवघड आहे. एखादी छोटी कन्सोल सर्व्हिस असेल, स्वतःची स्वतः डिप्लॉय होणारी, ती निवडा, डीएलएलची यादी आधीची आणि नंतरची काढा, आणि तो डिफ तुमच्या दोन्ही सहकाऱ्यांसमोर ठेवा.